दारात आलेलं पार्सल आणि हातात पडलेलं दुसरं बिल

परदेशातून मागवलेली वस्तू देशात पोहोचल्याचा निरोप फोनवर येतो. मग दोन दिवस ट्रॅकिंगमध्ये एकच ओळ दिसत राहते: कस्टम्सकडे तपासणी चालू. तिसऱ्या दिवशी दारात माणूस उभा, एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातात बिल. वस्तूचे पैसे ऑर्डर देतानाच भरलेले, पाठवणीचेही भरलेले. मग हे कशाचे?

बहुतेक जण या रकमेला सरसकट ‘कस्टमचे पैसे’ म्हणतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्या एका आकड्यात सहसा तीन वेगवेगळ्या रकमा असतात. त्यांचे नियम वेगळे, त्या जातात वेगळ्या खिशांत, आणि चूक झाली तर दादही वेगवेगळ्या ठिकाणी मागावी लागते. म्हणून बिल हातात आलं की आधी ते फोडून वाचायचं.

पहिली रक्कम आयात शुल्काची, म्हणजे ड्यूटीची. परदेशी मालावर सीमेवरच बसणारा हा कर. वस्तू कोणती आहे आणि ती कुठे तयार झाली आहे, यावर त्याचा दर ठरतो. पुस्तकावर एक, बुटांवर दुसरा, खेळण्यावर तिसरा. दुसरी रक्कम व्हॅट किंवा जीएसटीसारख्या कराची. देशात विकल्या जाणाऱ्या मालावर जो कर असतो तोच बाहेरून येणाऱ्या मालावरही लावतात, म्हणजे इथल्या दुकानदाराचं नुकसान होत नाही. तिसरी रक्कम सरकारची नसतेच. ती कुरिअर कंपनीची किंवा टपाल खात्याची हाताळणीची फी असते.

आता हिशेब करून पाहू. चलन कोणतंही धरा. वस्तू 100 ची, पाठवणखर्च 20, शुल्काचा दर 10 टक्के आणि व्हॅट 20 टक्के. आपण मनात धरतो की 100 वर 10 टक्के, म्हणजे 10 भरावे लागतील. पण अनेक देशांत शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लावत नाहीत. किंमत, विमा आणि वाहतूक यांची बेरीज करून त्यावर लावतात. या पद्धतीला सीआयएफ म्हणतात, आणि युरोपीय संघात व ब्रिटनमध्ये तीच चालते. म्हणजे 120 वर 10 टक्के, झाले 12. पुढे व्हॅट. तो 100 वरही नाही आणि 120 वरही नाही. तो 132 वर लागतो, कारण भरलेलं शुल्कही आता मालाच्या किमतीत धरलं जातं. 132 चे 20 टक्के 26.40. सरकारचे झाले 38.40. त्यावर कुरिअरची फी समजा 15. दारात मागितले जातात 53.40.

करावर कर लागतो, ही गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त खुपते. मलाही ती पहिल्यांदा कळली तेव्हा चूकच वाटली होती. पण नियम तसाच आहे. देशातल्या दुकानदाराने तोच माल बाहेरून आणून विकला असता तर त्यानेही भरलेलं शुल्क किमतीत धरलं असतं आणि गिऱ्हाइकाने त्या पूर्ण किमतीवर व्हॅट भरला असता. पार्सलवरचा हिशेब त्याच चालीने जातो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे शुल्कापुरता परदेशी वाहतुकीचा खर्च साधारणपणे सोडून देतात. या पद्धतीला एफओबी म्हणतात. वरच्या उदाहरणात अशा देशात शुल्क 12 ऐवजी 10 झालं असतं. तेव्हा दुसऱ्या देशातल्या नातेवाइकाने सांगितलेला हिशेब आपल्याला लागू पडेलच असं नाही.

हाताळणीच्या फीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त कडवटपणा तिच्यामुळेच येतो. पार्सल सीमेवर आलं की कोणालातरी कस्टम्सपुढे घोषणापत्र भरावं लागतं, आणि शुल्क भरल्याशिवाय माल सुटत नाही. कुरिअर कंपनी हे दोन्ही आपल्या वतीने करते. आधी पदरचे पैसे भरते, मग आपल्याकडून वसूल करते. या कामाची फी बहुतेक ठिकाणी ठरावीक रक्कम असते, किंवा टक्केवारी असली तरी तिला किमान रक्कम जोडलेली असते. त्यामुळे मोठ्या पार्सलवर ती जाणवतही नाही, आणि छोट्या पार्सलवर शुल्कापेक्षा फीच मोठी होऊन बसते. नाकापेक्षा मोती जड.

काम केलं तर त्याचे पैसे घेण्यात गैर नाही, असं माझं मत आहे. पण ती रक्कम दार वाजेपर्यंत गिऱ्हाइकाला कळू न देणं मात्र गैर आहे. म्हणून मागवण्याआधीच तुमच्या देशातल्या कुरिअरच्या आणि टपाल खात्याच्या दरपत्रकात ही फी शोधून ठेवा. टपालाची फी बऱ्याचदा कुरिअरपेक्षा कमी असते. काही देशांत आपलं घोषणापत्र आपणच भरण्याची मुभा असते. वेळ आणि चिकाटी असेल तर ही फी पूर्ण वाचते.

छोट्या पार्सलची माफी आणि ती का संपत चालली आहे

पूर्वी आलेल्या लहान पार्सलवर काहीच भरावं लागलं नव्हतं, असं तुम्हाला आठवत असेल तर ती आठवण खरी आहे. अनेक देशांनी एक उंबरठा ठरवलेला असतो. त्याखालच्या किमतीचा माल शुल्काशिवाय सोडून देतात. कारण साधं आहे. चार पैसे वसूल करायला दहा पैसे खर्च होत असतील, तर त्या वसुलीला अर्थ नाही.

ही व्यवस्था तयार झाली तेव्हा परदेशी पार्सल क्वचित येणारी गोष्ट होती. ऑनलाइन खरेदीने ते सगळं बदललं. अमेरिकेने 2016 मध्ये आपला उंबरठा 200 डॉलरवरून 800 डॉलरवर नेला. तिथल्या कस्टम्स खात्याच्या आकडेवारीनुसार 2015 च्या आर्थिक वर्षात अशी सुमारे 14 कोटी पार्सलं आली होती. 2024 मध्ये तो आकडा 136 कोटींच्या घरात गेला. युरोपीय संघात त्याच 2024 साली कमी किमतीच्या वस्तूंची सुमारे 460 कोटी पार्सलं आली. त्यातली दहापैकी नऊ चीनमधून. इथल्या दुकानदारांनी कर भरायचा आणि बाहेरून येणारा माल मात्र मोकळा सुटायचा, ही तक्रार वर्षानुवर्षं वाढत गेली. एवढ्या गठ्ठ्यांत बनावट आणि घातक वस्तू शोधायच्या कशा, हा प्रश्नही होताच.

मग एकामागून एक दरवाजे बंद होत गेले. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2018 पासून 1000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही जीएसटी लावला, पण तो विक्रेत्याकडून घ्यायचं ठरवलं. युरोपीय संघात 22 युरोंपर्यंतच्या मालाला व्हॅट माफ होता, ती माफी 1 जुलै 2021 ला संपली. 150 युरोंपर्यंतची शुल्काची माफी तेव्हा राहिली, पण तीही काढून टाकायचं सदस्य देशांच्या अर्थमंत्र्यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये ठरवलं. अमेरिकेने चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठीची सवलत 2 मे 2025 ला बंद केली आणि 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्याच देशांसाठी.

त्या ऑगस्टमध्ये काय झालं ते पाहिलं की या यंत्रणेचा नाजूकपणा कळतो. शुल्क कोणी गोळा करायचं, कोणाला द्यायचं, याची सोय टपाल खात्यांकडे नव्हती. जागतिक टपाल संघाने सांगितलं की 88 टपाल संस्थांनी अमेरिकेकडे जाणारी सेवा काही प्रमाणात किंवा पूर्ण थांबवली, आणि 29 ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत 81 टक्क्यांनी घटलं. पुस्तकं, औषधं, नातवंडांसाठी पाठवलेले कपडे, सगळंच त्यात अडकलं.

तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून उंबरठा धरून चालू नका. आपल्या देशाच्या कस्टम्सच्या अधिकृत पानावर त्या महिन्यात काय लिहिलं आहे तेच पाहा. तिथे दोन गोष्टी नीट वाचायच्या. माफी शुल्काची आहे की व्हॅटचीही? अनेकदा एकाचीच असते. आणि उंबरठा ओलांडला तर कर फक्त वरच्या रकमेवर, की पूर्ण किमतीवर? बहुतेक ठिकाणी पूर्ण किमतीवर. म्हणूनच उंबरठ्याच्या एक पाऊल पुढे गेलेली ऑर्डर सगळ्यात महाग पडते. एकच ऑर्डर मुद्दाम तीन खोक्यांत मागवायची युक्तीही सुचवली जाते. कस्टम्सला अशी पार्सलं एकत्र धरून आकारणी करता येते, आणि तसं झालं तर तीन वेळा हाताळणीची फी भरावी लागते.

त्या छोट्या फॉर्मवर काय लिहिलं आहे

खोक्यावर चिकटवलेला एक लहानसा फॉर्म असतो. टपालाने आलेल्या छोट्या पाकिटावर त्याचं नाव सीएन 22. माल जास्त किमतीचा असेल तर त्याऐवजी मोठा सीएन 23. त्यावर चौकोन असतात: भेट, कागदपत्रं, नमुना, परत आलेला माल, विक्रीचा माल. खाली वस्तूचं वर्णन, नग, वजन, किंमत, वर्गवारीचा क्रमांक, मूळ देश. शेवटी पाठवणाऱ्याची सही. आता ही माहिती पार्सलच्या आधी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही पाठवावी लागते, त्यामुळे खोकं विमानात असतानाच तिकडचा अधिकारी ती वाचत असतो. खोकं तो उघडेलच असं नाही. हा फॉर्म मात्र वाचला जातोच, आणि आपल्या बिलातला जवळजवळ प्रत्येक आकडा यातल्या एखाद्या रकान्यातून निघालेला असतो.

माझ्या मावशीने मला एकदा हाताने विणलेला स्वेटर पाठवला. तिने वर्णनात लिहिलं ‘कपडे’, आणि किंमत लिहिली चांगली भरभक्कम. “अगं, जास्त लिहिलं की नीट सांभाळून नेतील असं वाटलं मला,” ती नंतर म्हणाली. पार्सल अडकलं. कसले कपडे, किती, कशाचे, खरेदीची पावती कुठे, असं पत्र मला आलं. पावती असणार कुठून? लोकरीच्या बिलाचा फोटो तिच्याकडून मागवला, स्वेटरचं वर्णन आणि वजन लिहून दिलं, तेव्हा कुठे किंमत कमी धरली गेली. यात तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत मी शिकले की कस्टम्सचं किमतीचं गणित मनमानी नसतं. जागतिक व्यापार संघटनेचा मूल्यांकनाचा एक करार आहे. त्याप्रमाणे पहिला आधार म्हणजे त्या मालासाठी प्रत्यक्षात दिलेली किंमत. सवलतीत घेतली असेल तर सवलतीची. विक्रीच झालेली नसेल, किंवा सांगितलेल्या किमतीवर विश्वास ठेवता येत नसेल, तर तशाच दुसऱ्या मालाची किंमत, मग मिळत्याजुळत्या मालाची, अशा एकूण सहा पद्धती ठरलेल्या क्रमाने वापरतात. म्हणून फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत शून्य धरत नाहीत. आणि म्हणूनच पैसे दिल्याची पावती हा आपल्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा असतो. ती जपून ठेवा.

‘भेट’ या चौकोनाबद्दल स्पष्टच सांगते. अनेक देशांत भेटीसाठी थोडी वेगळी माफी असते, पण भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, पैसे न घेता पाठवलेली वस्तू. दुकानातून स्वतः विकत घेतलेला माल विक्रेत्याला भेट म्हणून लिहायला लावणं हे खोटं घोषणापत्र आहे, आणि दंड किंवा जप्ती होऊ शकते. किंमत कमी लिहून घेण्याचंही तसंच. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई साधारणपणे लिहिलेल्या किमतीपर्यंतच मिळते. हे धाडस कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

वर्गवारीचा रकाना सगळ्यात रुक्ष दिसतो, पण दर तिथेच ठरतो. जगातला जवळजवळ सगळा व्यापार एकाच यादीने चालतो. तिला एचएस म्हणतात. ती 1988 पासून लागू आहे आणि ब्रसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. प्रत्येक वस्तूला सहा आकडी क्रमांक, पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. मराठीत आपण स्वेटरही विणतो आणि कापडही विणतो. या यादीत मात्र त्याचे दोन वेगळे अध्याय आहेत. सुयांवर किंवा यंत्रावर टाके घालून केलेले कपडे 61 व्या अध्यायात, मागावरच्या कापडाचे 62 व्या अध्यायात. म्हणजे टी-शर्ट आणि साधा शर्ट कपाटात शेजारी असले तरी यादीत वेगळे. त्यातही सुती टी-शर्टचा क्रमांक वेगळा आणि कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टचा वेगळा, दरही वेगळे असू शकतात. ‘कपडे’ या एका शब्दाने अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ‘स्त्रियांचा लोकरीचा विणलेला स्वेटर, 1 नग’ असं लिहिलं तर सगळं कळतं.

वर्गवारीवरून न्यायालयात लढायाही झाल्या आहेत. अमेरिकेत एका खेळणी कंपनीने ‘एक्स-मेन’ या कॉमिक्समधल्या अद्भुत शक्तीच्या पात्रांच्या पुतळ्यांवरून खटला भरला. माणसाचं रूप असलेली ती ‘बाहुली’, तिच्यावर 12 टक्के शुल्क. माणूस नसलेलं काही असेल तर ते ‘खेळणं’, त्यावर 6.8 टक्के. 2003 मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने ही पात्रं माणसांची नाहीत असं ठरवलं आणि कंपनी जिंकली. एका शब्दाने दर जवळजवळ निम्म्यावर आला. तुमच्या बिलातला दर अवाच्या सवा वाटला तर आधी हा क्रमांक तपासा. दागिना खरा की नकली, वही की छापील पुस्तक, अशा ठिकाणी चुका होत राहतात.

मूळ देशाच्या रकान्यात फसगत वेगळ्या प्रकारची होते. पार्सल कुठून निघालं याला इथे महत्त्व नसतं. वस्तू कुठे तयार झाली ते पाहतात. 2021 च्या सुरुवातीला ब्रिटन युरोपीय बाजारातून बाहेर पडला, तेव्हा दोघांमधल्या करारात शून्य शुल्क होतं. तरीही युरोपीय दुकानांतून कपडे मागवणाऱ्या ब्रिटिशांना शुल्काची बिलं आली, कारण कपडे आशियात शिवलेले होते. शून्य दर फक्त त्या दोन बाजूंत तयार झालेल्या मालासाठी होता.

पैसे आधीच भरले असतील तर

आता बऱ्याच विक्रीस्थळांवर कर ऑर्डर देतानाच कापून घेतात. युरोपीय संघात 150 युरोंपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रेता गोळा करू शकतो, ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंत. पण विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक पार्सलच्या माहितीत गेला नाही, तर सीमेवर तोच कर पुन्हा मागितला जातो. ऑर्डरच्या पावतीवर कर वेगळा दाखवला आहे का ते पाहा. दाखवलेला असेल आणि दारात पुन्हा मागितला गेला, तर ती पावती दाखवून आधी विक्रेत्याकडून आणि मग कुरिअरकडून परतावा मागा.

विक्रेत्याच्या पाठवणीच्या अटींत डीडीपी लिहिलेलं असेल तर शुल्क आणि कर त्याच्याकडे. डीएपी किंवा जुन्या भाषेत डीडीयू असेल तर ते आपल्याकडे. ऑर्डर देण्याआधी ही तीन अक्षरं शोधा. सापडली नाहीत तर विक्रेत्याला एक ओळ लिहून विचारा.

तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलं आहे, थोडे पैसे भरा, असे मेसेज ज्यांनी काहीही मागवलेलं नाही त्यांनाही येतात. ते लुबाडणारे असतात. दुव्यावर बोट लावू नका. टपालाच्या नोंदणीकृत पार्सलचा क्रमांक 13 चिन्हांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, मग देशाची दोन अक्षरं. तो क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन टाका. परदेशातल्या नव्या ओळखीच्या माणसाने महागडी भेट पाठवली आहे आणि ती सोडवायला कोणाच्या तरी खासगी खात्यात पैसे भरायचे आहेत, असा फोन आला तर तो तिथेच ठेवा. कस्टम्स कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही.

बिल चुकलं आहे असं वाटलं तर दोन दारं आहेत. शुल्क किंवा कर चुकीचा असेल तर कस्टम्सकडे फेरतपासणीचा अर्ज. फी चुकीची असेल तर कुरिअरकडे किंवा टपाल खात्याकडे तक्रार. दोन्हीकडे मुदत असते. वस्तू परत पाठवणार असाल तर भरलेलं शुल्क अनेक देशांत परत मिळतं, पण बहुतेक ठिकाणी वस्तू निघण्याआधीच तशी नोंद करावी लागते. हाताळणीची फी सहसा परत येत नाही. दुरुस्तीसाठी आपलीच वस्तू बाहेर पाठवत असाल तर ती जातानाच कागद करून घ्या. नाहीतर परत येताना ती नव्या मालासारखी धरली जाते, पूर्ण किमतीवर. आणि यातलं काहीही करायचं तर खोक्यावरचा तो फॉर्म लागतो. म्हणून सगळं मिटेपर्यंत खोकं फेकू नका, निदान लेबलचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.